कार्डाबाहेरची एक दुपार: टेक्सासातल्या फिडलवादकाचे प्रकरण

हे प्रकरण टेक्सासातल्या एका कंट्री आणि वेस्टर्न स्विंग फिडलवादकाचे आहे. घरच्यांची परवानगी घेऊन लिहितो आहे. गाव, गाणी, कंपन्या आणि काही वर्षे ओळख पटणार नाही इतपत बदलली आहेत. वादकाला इथे ‘बुवा’ म्हणतो; गाण्याबजावण्यात जन्म घालवलेल्या माणसाला आपल्याकडे हीच हाक शोभते. मी करसल्लागार आहे. ऑस्टिनच्या आसपास राहत असल्यामुळे गिऱ्हाइकांत वादक पुष्कळ, आणि बुवांचे कागद त्यातूनच माझ्या टेबलावर आले. मी वकील नाही, आणि फिडल कधी हातात धरलेले नाही.

पार्श्वभूमी

बुवांचा जन्म दुसऱ्या महायुद्धानंतरचा, मध्य टेक्सासच्या कापूस पिकवणाऱ्या पट्ट्यातला. वडील शेतकरी. शनिवारी कुणाच्या तरी घरी खोलीतले सामान बाहेर काढून नाच होई, तिथे ते फिडल वाजवत. वाद्य व्हायोलिनच, पण त्यातून गाणे काढायची रीत निराळी. टेक्सासच्या फिडलवाल्यांचा गज लांब चालतो आणि एकच चाल दर फेरीला थोडी फिरवून, नवी करून वाजवायची असते. तशीच्या तशी पुन्हा वाजवली तर जुनी माणसे मान हलवतात, आणि ती मान कौतुकाची नसते. बुवा हे सगळे स्वरलिपी न शिकता, ऐकून शिकले.

कंट्री म्हणजे अमेरिकेतले खेड्यापाड्यांचे गाणे. वेस्टर्न स्विंग ही त्याची नाचाची शाखा, तिची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ट वर्थमध्ये एका पिठाच्या गिरणीची जाहिरात करायला रेडिओवर ‘लाइट क्रस्ट डोबॉइज’ नावाचा ताफा वाजवत असे. त्यातून 1932 मध्ये मिल्टन ब्राउन बाहेर पडले आणि पाठोपाठ फिडलवादक बॉब विल्स. विल्स 1934 मध्ये ओक्लाहोमातल्या टल्साला गेले. तिथला केव्हीओओ रेडिओ आणि केन्स बॉलरूम यांच्या जोरावर ‘टेक्सास प्लेबॉइज’ हा त्यांचा ताफा वाढत वाढत छोटा वाद्यवृंदच झाला. खेड्यातले फिडल, काळ्या वादकांकडून घेतलेले ब्लूज आणि जॅझ, मेक्सिकन चाली, जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांचे पोल्का असे सगळे त्यात आले. जोडीने वाजणारी दोन फिडले, स्टील गिटार, ड्रम, कधी ट्रंपेट-सॅक्सोफोन, आणि मधूनच विल्स यांचा तो प्रसिद्ध ‘आऽऽहा’. हे संगीत पहिल्यापासून नाचासाठी होते. पिठाच्या जाहिरातीत वाढलेल्या या संगीताचे आपले प्रकरणही एका जाहिरातीपाशीच येऊन अडते, हा योगायोग बुवांना फार आवडतो.

बुवा विशीत आले तेव्हा स्विंग म्हातारे झाले होते. मग 1970 मध्ये कंट्री गायक मर्ल हॅगार्ड यांनी फिडल शिकून घेऊन विल्स यांना मानवंदनेची अख्खी रेकॉर्ड काढली, ‘अस्लीप ॲट द व्हील’ हा तरुणांचा ताफा उभा राहिला आणि पुढे ऑस्टिनला येऊन स्थिरावला, गायक विली नेल्सनही कंट्रीच्या ध्वनिमुद्रणाचे केंद्र असलेले नॅशविल सोडून टेक्सासात परतले. स्विंग वाजवता येणाऱ्या तरुण फिडलवाल्याला एकाएकी भाव आला. बुवा आठवड्यातून चार-पाच रात्री नृत्यगृहांत वाजवू लागले. रात्री 9 ते 1, मध्ये एकदा विश्रांती, खाली दोनशे जोडपी गोल फिरताहेत. लय सैल पडली की मंचाच्या आधी ती नाचणाऱ्यांच्या पायांना कळते.

1970 च्या दशकाच्या शेवटी ते नॅशविलला गेले. या वाटेवर त्यांच्यापुढे जॉनी गिंबल यांचा आदर्श होता. गिंबल हे विल्स यांच्या ताफ्यातले, पाच तारांचे फिडल वाजवणारे. नाचांचा धंदा बसला तेव्हा त्यांनी टेक्सासातल्या वेको गावी न्हाव्याचे काम केले, 1968 मध्ये नॅशविलला जाऊन ते स्टुडिओतले पहिल्या पसंतीचे वादक झाले आणि पुढे परत टेक्सासात आले. बुवा म्हणत, ‘एवढ्या मोठ्या माणसाला डोकी भादरावी लागली, तर आपण कुठले?’

नॅशविलच्या स्टुडिओचे काम शिस्तीचे. एक सत्र तीन तासांचे, दिवसाला अशी तीन-चार बसू शकतात. समोर स्वरलिपी नसते, आकड्यांचा कागद असतो: 1, 4, 5. आकडा म्हणजे पट्टीतल्या कितव्या स्वरावरचा सुरमेळ (कॉर्ड) वाजवायचा ते. गायिकेने आयत्या वेळी पट्टी बदलली तरी आकडे तेच राहतात. फिडलवाल्याचे काम सुरुवातीची चार-आठ मापे (तालाचे छोटे टप्पे), गायकाने श्वास घेतला की भरायची जागा, आणि मध्ये एक फेरी. सुरुवातीच्या त्या मापांना तिथे ‘किकऑफ’ म्हणतात. ती कुणी लिहून देत नाही. निर्माता म्हणतो, ‘काहीतरी आनंदी वाजवा,’ आणि वादक तिथल्या तिथे ती रचतो. गाडीतला माणूस पुढे वीस वर्षे गाणे ओळखतो ते त्यावरून, आणि गीतकार-संगीतकाराच्या हिशेबात तिला जागा नसते.

मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या व्हायोलिनवादकांनी आणि वाद्यवृंद-संयोजकांनी ज्या गाण्यांना अंगबांधा दिला, त्यांच्या रेकॉर्डवर संगीतकाराचे नाव असे, बाकीच्यांना दिवसाची मजुरी. नॅशविलमध्ये मजुरीच्या मागे एक कागद होता, एवढाच फरक.

तो कागद म्हणजे वादकांच्या संघटनेचा, अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सचा, सत्राचा फॉर्म. तारीख, तास, गाण्यांची नावे, कोण काय वाजवत होते, प्रमुख कोण. प्रमुखाला दुप्पट दर, दुसरे वाद्य वाजवले तर वर पैसे, मालकाकडून निवृत्तिनिधीत भरणा. वादकांच्या बोलण्यात असे काम ‘कार्डावर’चे. याचा खरा उपयोग वर्षांनी दिसतो. कार्डावरचे ध्वनिमुद्रण पुढे सिनेमात किंवा जाहिरातीत वापरले गेले, तर फॉर्मवरच्या प्रत्येक वादकाला नव्या वापराचे वेगळे पैसे मिळतात. जाहिरातीत तर ते 13 आठवड्यांच्या आवर्तनाने मोजतात. जाहिरात चालत राहिली की पुन्हा.

1990 च्या सुमारास सासूबाईंचे आजारपण आणि मुलांच्या शाळा या दोन कारणांनी बुवा टेक्सासात परतले. इथे स्टुडिओ छोटे, कार्ड कुणी भरत नसे. जुना मित्र गावाजवळ स्टुडिओ चालवत होता. त्याने एका दुपारी नव्या गायकाच्या कच्च्या ध्वनिमुद्रणासाठी बोलावले. चार गाणी, दोन्ही फिडले बुवांचीच, एकावर एक चढवलेली. पैसे रोख, पाकिटात. पुढे त्या गायकाला मोठ्या कंपनीने करारबद्ध केले आणि त्या चारांतली दोन गाणी जशीच्या तशी त्याच्या पहिल्या रेकॉर्डवर आली. त्या रेकॉर्डची बाकीची गाणी नॅशविलला केली, त्यातल्या तीन गाण्यांसाठी बुवांनाच बोलावले, आणि ती मात्र कार्डावर झाली. वेष्टनावर एकच ओळ: फिडल, आणि बुवांचे नाव.

अडचण

जवळजवळ तीन दशकांनी बुवांचा नातू फुटबॉलचा सामना बघत होता. जाहिरातीत एक पिकअप गाडी धूळ उडवत आली आणि मागे फिडल वाजले. नातवाने आजोबांना हाक मारली. बुवा स्वयंपाकघरातून म्हणाले, ‘ते मीच आहे. दोन्ही.’

गाणे टेक्सासच्या त्या दुपारचे होते. जाहिरातीत गायकाचा आवाज शेवटच्या क्षणी येतो. त्याआधी सगळा वेळ किकऑफच, फिरवून फिरवून.

घरची परिस्थिती तेव्हा अशी. गज ओढणारा उजवा खांदा गेला होता. चार तासांचा नाच आता झेपत नव्हता, तासाभराचा कार्यक्रम कसाबसा. मेडिकेअर, म्हणजे वयस्कांचा सरकारी आरोग्यविमा, होते, पण डॉक्टरांच्या बिलाचा पाचवा हिस्सा आपल्याला भरावा लागतो आणि वरचा विमा त्यांनी घेतलेला नव्हता. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन तुटपुंजे. ते का, हे मला कागद बघताच कळले. ती रक्कम सगळ्यात जास्त कमाईच्या 35 वर्षांवरून काढतात आणि नोंद नसलेले वर्ष शून्य धरतात. नॅशविलची वर्षे भरघोस, बसमधून दौरे केले ती बरी, आणि टेक्सासची रोखीची वर्षे कागदावर जवळजवळ नाहीतच. जुनी नोंद दुरुस्त करायची मुदत ते कमाईचे वर्ष संपल्यापासून 3 वर्षे, 3 महिने आणि 15 दिवस. ती कधीच उलटली होती. ज्या पाकिटांनी तेव्हा कर वाचवला त्यांनी म्हातारपणचा पगार खाल्ला. हे मी अनेक वादकांच्या आणि काही मराठी हॉटेलवाल्यांच्याही कागदांत पाहिले आहे.

पर्याय

पहिला पर्याय गप्प बसण्याचा, आणि बुवांचा कल तिकडेच होता. ‘पाकीट घेतले, हात मिळवला, विषय संपला.’ पत्नीचे मत नेमके उलटे. त्या म्हणाल्या, ‘पाकीट कच्च्या कामाचे होते. गाडी विकायचे नव्हते.’ मला यात पत्नीचा युक्तिवाद कायद्याच्याही जास्त जवळचा वाटला.

मुलाला कोर्टात जायचे होते. त्याने इंग्लंडातला एक खटला शोधून काढला होता. ‘ब्ल्यूबेल्स’ या स्कॉटिश ताफ्याचे ‘यंग ॲट हार्ट’ हे 1984 चे गाणे 1993 मध्ये एका गाडीच्या जाहिरातीमुळे पुन्हा गाजले, आणि त्यात फिडल वाजवणाऱ्या बॉबी व्हॅलेंटिनो यांना 2002 मध्ये न्यायालयाने सहरचनाकार ठरवले. गाडीची जाहिरात, फिडलची चाल, भाड्याने बोलावलेला वादक! मुलाला वाटले, आपलीच केस. मी त्याला एका वकिलीणबाईंकडे पाठवले. त्यांनी अर्ध्या तासात हवा काढली. अमेरिकेत सहरचनाकार ठरायला दोघांचाही तसा हेतू असावा लागतो, आणि तिथे जमलेल्यांपैकी कुणाचाही तो नव्हता. शिवाय हक्कच नाकारला गेला असेल तर दाव्याची मुदत तीन वर्षे, आणि रेकॉर्डवर रचनाकार म्हणून दुसऱ्याचे नाव छापून तीन दशके होत आली होती. खर्च आपला, जिंकायची शक्यता नगण्य.

उरला संघटनेचा मार्ग. मोठ्या कंपनीने संघटनेशी करार केलेला असतो. बाहेर केलेले ध्वनिमुद्रण तिने विकत घेऊन बाजारात आणले, तर त्यातल्या वादकांना ठरलेला दर मिळाला आहे ना, हे पाहणे तिच्याकडे येते. म्हणजे जुने सत्र आज ‘कार्डावर’ आणता येते; मग दराचा फरक आणि नव्या वापराचे पैसे दोन्ही मागता येतात. पण पुरावा लागतो: कुठल्या दिवशी, किती तास, कुणी, काय वाजवले.

इथे दोन गाठी होत्या. सभासदाने कार्डाबाहेर वाजवणे संघटनेच्या नियमांविरुद्ध. बुवा तेव्हा सभासद होते. पुढे वर्गणी थकून सभासदत्व गेले होते, तरी अर्ज करणे म्हणजे स्वतःच्या हाताने कबुली लिहून देणे. दुसरी गाठ जास्त घट्ट. फॉर्म एकट्याचा नसतो. त्या दुपारचे सगळे वादक लिहावे लागणार आणि सत्र कुणी भरवले तेही. म्हणजे मित्राचे नाव. मित्राने कंपनीला गाणी विकताना किती घेतले आणि ते वादकांना का सांगितले नाही, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच.

एक चौथी गोष्ट वादाबाहेरची होती आणि ती आधी करून टाकावी असे मी सुचवले. अमेरिकेत साधा रेडिओ गाणे वाजवल्याबद्दल वादकांना काही देत नाही. पण 1995 च्या कायद्यापासून उपग्रह आणि इंटरनेट रेडिओला द्यावे लागते. त्यातले 50 टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, 45 टक्के मुख्य कलाकाराला आणि 5 टक्के बाकीच्यांना. त्या पाचांत निम्मे साथीच्या वादकांचे, निम्मे साथीच्या गायकांचे. हे पाच टक्के एका स्वतंत्र निधीतून वाटतात. बुवांनी या निधीचे नावच ऐकले नव्हते. नॅशविलच्या एवढ्या वर्षांत वाजवलेली गाणी जुन्या कंट्रीच्या वाहिन्यांवर रोज लागत होती.

काय केले

निधीचा अर्ज एका बैठकीत झाला. दुसऱ्या कामाला मात्र महिने गेले, आणि त्यातले बरेचसे बुवांच्या मनाची तयारी होण्यात.

पुरावा घरातच निघाला. पशुखाद्याच्या दुकानातून दरवर्षी फुकट मिळणाऱ्या खिशातल्या डायऱ्या बुवांच्या पत्नी बुटांच्या खोक्यांत जपून ठेवत आल्या होत्या. पेट्रोल, मैल, कुणी किती दिले, कुणी बुडवले, सगळे पेन्सिलीने. त्या दिवसाची नोंद मी स्वतः वाचली: ‘मंगळवार. स्टुडिओ. 1 ते 5:30. 4 गाणी. फिडल, त्यावर दुसरे फिडल. रोख. जेवण दिले नाही.’ खाली स्टील गिटार, बास आणि ड्रमवाल्यांची पहिली नावे, कारण तिघांना बुवांनीच गाडीतून नेले होते आणि पेट्रोलची वाटणी लिहायची होती. करसल्लागार म्हणून सांगतो, खर्चाच्या वहीइतका विश्वासार्ह साक्षीदार नाही. ती लिहिणाऱ्याला भविष्यातल्या भांडणाची कल्पना नसते.

आता निर्णयाची खरी जागा. अर्ज मित्राला सांगून करायचा की न सांगता? संघटनेच्या माणसाने सुचवले की आधी अर्ज दाखल करा, बोलणे आमच्यावर सोडा. मुलाचेही तेच म्हणणे. बुवांनी ऐकले नाही. गाडी काढून एकटेच मित्राकडे गेले. तिथे काय झाले ते त्यांनी पूर्ण सांगितले नाही. एवढे कळले की मित्र आधी हसला, मग म्हणाला की तेव्हा तुला काम हवे होते ते मी दिले, आणि कागद मागितल्यावर म्हणाला की जुने सगळे पुरात गेले. बुवा परत आले आणि आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. मग स्टील गिटारवाल्याच्या विधवेचा फोन आला. जाहिरात तिनेही ऐकली होती. मला वाटते, त्या फोनने निकाल लावला. आपल्यापुरते सोडून देणे बुवांना जमले असते, दुसऱ्याच्या वाट्याचे सोडायचा अधिकार त्यांना आपला वाटला नाही. सही केली, चौघांची नावे लिहिली, स्टुडिओचे नाव लिहिले.

रेकॉर्ड कंपनी मधल्या काळात विकली गेली होती. नव्या मालकाचे पहिले उत्तर अपेक्षित होते: वेष्टनावर फिडल म्हणून नाव आहे, पण कुठल्या गाण्यात ते नाही, आणि डायरी ही खाजगी नोंद आहे. संघटनेने उलट मूळ टेपची माहितीपत्रे मागितली. इथे जाहिरातच कामाला आली. जाहिरातवाल्यांना आवाज वगळून नुसती वाद्ये हवी होती, त्यासाठी मूळ टेप नुकतीच गोदामातून काढून संगणकावर चढवलेली होती. टेपच्या खोक्याच्या आतल्या बाजूला, कुठल्या ट्रॅकवर कुठले वाद्य आहे याचा तक्ता चिकटवलेला होता, मित्राच्याच अक्षरात. ‘फिडल 1’, ‘फिडल 2’, दोन्हींपुढे बुवांची आद्याक्षरे, तारीख डायरीतलीच. पुरात गेलेला कागद असा कंपनीच्याच टेबलावर सापडला.

निष्पत्ती

तडजोड झाली. सत्र त्या काळच्या दराने कार्डावर आणले, व्याज नाही. जाहिरात दोन आवर्तने चालली, त्या दोन्हींचे पैसे मिळाले. रक्कम जाहीर न करण्याची अट आहे. घराचे छप्पर नवे झाले आणि खांद्याच्या शस्त्रक्रियेचे देणे फिटले एवढे सांगता येते. संघटनेने जुन्या कार्डाबाहेरच्या कामाबद्दल काही केले नाही. दुसऱ्या, वर चढवलेल्या फिडलचे वेगळे पैसे द्यायचे का यावर कंपनी अडून बसली आणि बुवांनी ते सोडले. मला ते पटले नाही. त्या किकऑफचा सगळा गोडवा दोन फिडलांच्या जोडीत आहे, आणि जोडी वाजवायला दुसरा माणूस आणला असता तर त्याला द्यावेच लागले असते. पण थकलेल्या माणसाच्या तडजोडीला बाहेरून नावे ठेवणे सोपे असते.

गंमत म्हणजे न भांडता केलेला अर्ज दीर्घकाळात जास्त कामाचा ठरला. साथीदारांच्या निधीतून साचलेल्या रकमेचा पहिला धनादेश आला आणि तेव्हापासून दरवर्षी येतो. मोठा नाही. पण जाहिरात संपली की थांबणारा नाही.

स्टील गिटारवाल्याचा वाटा विधवेला आणि ड्रमवाल्याचा त्याला मिळाला. मित्राला कंपनीकडून किंवा संघटनेकडून काही त्रास झाल्याचे ऐकिवात नाही, पण त्याने बुवांशी बोलणे सोडले. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी बॉब विल्स यांच्या स्मरणार्थ टेक्सासातल्या टर्की या गावी मेळा भरतो, तिथे दोघे वर्षानुवर्षे एका गाडीतून जात. आता बुवा मुलाबरोबर जातात.

वेगळे काय करता आले असते

त्या दुपारी रोख पैसे घेतले हीच चूक, असे बहुतेकजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. गावाकडे नुकताच परतलेला, घरात आजारी माणूस, आणि फॉर्मचा आग्रह धरला असता तर मित्राने दुसरा फिडलवाला बोलावला असता. कच्च्या कामाला कच्चे पैसे हा व्यवहार त्या दिवसापुरता ठीकच होता. जागा चुकली ती दीडेक वर्षाने. बुवा नॅशविलच्या सत्रांसाठी त्याच निर्मात्यासमोर उभे होते आणि टेक्सासची दोन गाणी रेकॉर्डवर जाणार हे त्यांना तिथेच कळले. कार्ड भरणारा माणूस खोलीत होता. ‘ही दोनही यात घाला’ असे म्हणायला एक मिनिट पुरले असते, कंपनीला रक्कम किरकोळ होती, मित्राचे त्यात काही जात नव्हते. बुवांना तेव्हा ते हावरटपणाचे वाटले. नवे काम देणाऱ्यापुढे जुन्या कामाचे पैसे काढायचे नाहीत, ही वादकांची रीत आहे. मी ज्या तरुण वादकांचे कागद पाहतो त्यांना हाच क्षण दाखवतो, कारण तो जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यात येतो: कच्चे काम पक्के होते तेव्हा.

रोखीच्या वर्षांची कमाई दाखवली असती तर स्वयंरोजगाराचा कर 15.3 टक्के पडला असता, आणि तो दुखतोच. पण नोंदीच्या प्रत्येक वर्षाने आज एक शून्य कमी केले असते. जाहिरातीचे पैसे मिळतील की नाही हा नशिबाचा भाग होता. हा नव्हता.

मित्राकडे एकट्याने जाणे योग्य होते का, यावर घरात अजून दोन मते आहेत. पत्नीचे म्हणणे, आपल्याला बरोबर न्यायला हवे होते. डायरी समोर ठेवली असती तर पुराची गोष्ट निघालीच नसती आणि मित्राला खोटे बोलावे लागले नसते. मला हे बिनतोड वाटते. बुवा म्हणतात, डायरी घेऊन जाणे म्हणजे पोलीस घेऊन जाणे.

बासवाल्याचा ठिकाणा लागलेला नाही. डायरीत त्याचे फक्त पहिले नाव आहे, आणि मध्य टेक्सासात त्या नावाचे बासवाले ढिगाने. त्याचा वाटा संघटनेकडे जमा आहे. दरम्यान त्या दुपारची उरलेली दोन गाणी गायकाच्या जुन्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात बाहेर आली. बुवांच्या पत्नीने या वेळी कुणाला न विचारता फॉर्म मागवला, डायरीच्या पानाची छायाप्रत जोडली आणि सहीसाठी नवऱ्यापुढे ठेवला. त्यात दुसऱ्या फिडलची ओळ वेगळी भरलेली आहे. कंपनीचे उत्तर यायचे आहे.